फाळक्यांच्या दोन मूकपटांतील दृश्यरचना

दादासाहेब फाळके यांचे मूकपट म्हणजे रंगभूमीवरील प्रवेशांचे केवळ छायालेखन होय, असे मत वारंवार मांडले जाते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) व 'कालिया मर्दन' (१९१९) यांतील काही दृश्यांच्या आधारे हे मत कितपत ग्राह्य आहे, याचा प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे आज उपलब्ध आहेत. आरंभीच्या दृश्यात राजा, तारामती व रोहिदास एकत्र दिसतात. राजा पुत्राला धनुर्विद्येचे पाठ देत आहे. या मांडणीवर राजा रविवर्म्याच्या चित्रांची छाया स्पष्ट आहे. कॅमेरा समोर व स्थिर असून पात्रे पूर्णाकृती दिसतात. कथा प्रेक्षकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यामुळे वृत्तांत सांगण्यापेक्षा परिचित मूर्तींची ओळख पटविणे, हेच या दृश्याचे मुख्य कार्य ठरते. उपरोक्त मताला आधार मिळतो तो येथेच.

'कालिया मर्दन'चा प्रारंभ मात्र वेगळा आहे. फाळक्यांची कन्या मंदाकिनी प्रथम पडद्यावर येते. तिची मुद्रा जवळून दाखविली असून तीवर निरनिराळे भाव क्रमाने उमटतात. पुढे तिची आकृती विरत जाऊन तेथे बालकृष्ण प्रकट होतो. नाट्यगृहात मागील रांगेतील प्रेक्षकाला नटाच्या मुद्रेवरील सूक्ष्म फरक दिसणे दुष्कर असते. येथे मुद्रा हेच कथनाचे साधन होते, आणि कृष्णाची भूमिका एक बालिका करीत आहे, हेही लपविले जात नाही.

याहून महत्त्वाचा आहे तो यमुनेचा प्रसंग. कृष्ण डोहात उडी घेतो. त्यानंतर पाण्याखालील झुंज व तीरावरील व्याकुळ जनसमुदाय ही दृश्ये आलटून पालटून येतात. पुराणकथेचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक आहे. मग उत्कंठा कशाची? तीरावरील लोकांना डोहात काय चालले आहे ते दिसत नाही, आपणांस दिसते. ज्ञानातील हे अंतरच प्रसंगाला गती देते. परिणाम जाणणारा प्रेक्षक तो न जाणणाऱ्यांच्या चिंतेत सहभागी होतो. रंगभूमीवर हाच प्रसंग एखाद्या पात्राच्या मुखाने निवेदन करावा लागला असता. येथे ते कार्य दृश्यांची जोडणी करते.

तथापि, यावरून सहा वर्षांतील क्रमिक प्रगतीचा सिद्धांत मांडणे धाडसाचे ठरेल. 'राजा हरिश्चंद्र'ची उपलब्ध रिळे १९१३ ची नसून १९१७ च्या पुनर्निर्मितीतील असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ते खरे असल्यास तुलनेतील कालांतर केवळ दोन वर्षांचे उरते. मधली दोन रिळे नष्ट झाल्याने त्यांत अशी जोडणी नव्हतीच, असेही म्हणता येत नाही.

सारांश, दर्शन घडविणारी व उत्कंठा वाढविणारी अशा दोन्ही रचना फाळक्यांच्या हाती होत्या, इतकेच उपलब्ध पुराव्यावरून निश्चित म्हणता येते. एखादे दृश्य नाटकी आहे की नाही, या प्रश्नापेक्षा त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे, हा प्रश्न अभ्यासकास अधिक फलदायी ठरेल.