लिव्हर फ्लूकची अळी: मेंदू टाचणीच्या टोकाहून लहान, तरी तिला वाट कशी सापडते?

उजनी धरणाचं पाणी मागे सरकलं की करमाळा तालुक्यात, जेऊरपासून जवळच असलेल्या बॅकवॉटरच्या काठावर गाळाची जमीन उघडी पडते. तिथलं हिरवं गवत शेळ्या-मेंढ्या आणि म्हशी आवडीने खातात. पण अशा पाणथळ गवतातून जनावराच्या पोटात 'लिव्हर फ्लूक' हा चपटा कृमी जाऊ शकतो. भारतात प्रामुख्याने 'फॅसिओला जायगँटिका' ही त्याची जात आढळते.

तो जनावरापर्यंत पोहोचतो कसा?

बाधित जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात जातात. त्यातून मिरॅसिडियम नावाची अळी बाहेर पडते आणि पाण्यातल्या गोगलगायीत शिरते. तिथे एकीच्या अनेक होतात. मग शेपटीवाल्या सर्केरिया अळ्या बाहेर येतात, पोहत जाऊन गवताला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच तयार करतात. जनावर ते गवत खातं आणि कृमी यकृतात पोहोचतो.

अळीला हे 'कळतं' कसं?

या दोन्ही अळ्या पाण्यात असताना काही खात नाहीत. साठवलेली ऊर्जा संपण्याआधीच त्यांना मुक्काम गाठावा लागतो. चपट्या कृमींना रक्ताभिसरण संस्थाही नसते. त्यामुळे शरीरात निरोप पोहोचवण्याचं मोठं काम मज्जासंस्थेवर येतं. डोक्याकडे चेतापेशींच्या दोन गाठी आणि तिथून मागे जाणाऱ्या शिडीसारख्या चेतारज्जू, अशी तिची रचना असते.

चेतापेशी रसायनांच्या मदतीने बोलतात. सेरोटोनिन हालचाल वाढवतं. माणसाच्या मेंदूत असतं तेच हे रसायन. टॅग मन्सूर यांनी 1957 साली लिव्हर फ्लूकवर त्याचा परिणाम दाखवला होता. अ‍ॅसिटिलकोलीन आपल्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं, तर अनेक चपट्या कृमींचे स्नायू त्याने सैल पडतात. याशिवाय न्यूरोपेप्टाइड नावाचे छोटे प्रथिन-तुकडेही निरोप देतात.

याचा औषधांशी काय संबंध?

हे निरोप बिघडवले की कृमी लुळा पडतो. मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसवर पूर्वी दिलं जाणारं मेट्रिफोनेट अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम रोखायचं. हाही गोगलगायीमार्फत पसरणारा चपट्या कृमींचा आजार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचे रुग्ण आढळल्याची नोंद 1952 साली झाली होती.

पशुपालकांनी काय करावं?

जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज, अशक्तपणा, दूध घटणं ही लक्षणं दिसली तर शेण किंवा लेंडी तपासून घ्या. जंताचं प्रत्येक औषध फ्लूकवर चालत नाही. आयव्हरमेक्टिनचा त्याच्यावर उपयोग होत नाही. त्यामुळे औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्या. शक्य असेल तर काठावरची चराई टाळा आणि जनावरांना हौदातलं स्वच्छ पाणी पाजा.