नांदेड-लातुरात इग्वाना पाळावा का?

रीलमध्ये मालकाच्या खांद्यावर बसलेला हिरवा इग्वाना शांत आणि देखणा दिसतो. पिल्लू तर तळहातावर मावते. मात्र तेच पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसह चार-पाच फुटांचे होते आणि नीट सांभाळले तर १५ ते २० वर्षे जगते. मासे, लव्हबर्ड किंवा कासव सांभाळलेल्यांना हा प्राणी झेपेल का? थोडक्यात उत्तर: बहुतेकांना नाही. त्याची कारणे पाहूया.

इग्वाना आणि घोरपड

इग्वाना मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा आणि पाला खाणारा सरडा. त्याच्या पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती कातडी आणि कानाखाली एक मोठा गोल खवला असतो. आपली घोरपड मांसाहारी आहे. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते. ती पाळणे हा गुन्हा आहे. कोणी इग्वाना म्हणून काही विकत असेल, तर आधी ही खूण तपासा.

खरी अडचण हवेची

इग्वानाला ऊब घेण्याच्या जागी ३५ अंशांच्या आसपास तापमान आणि ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते. मराठवाड्यात पावसाळा सोडला तर हवा कोरडी असते. कोरड्या हवेत कात नीट निघत नाही, बोटे व शेपटीचे टोक झडू शकते, मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून पिंजऱ्यात रोज पाण्याचे फवारे मारावे लागतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत घरचेच पाणी मोजून वापरावे लागते, हे आधीच लक्षात घ्या.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की उष्माघाताची भीती, तर थंडीच्या रात्री हीटर हवाच. वीज गेली तर पर्यायी सोय लागते.

जागा, ऊन आणि खाणे

पिंजरा निदान सहा फूट लांब, सहा फूट उंच आणि तीन फूट रुंद हवा. कोवळे ऊन इथे फुकट मिळते, पण ते थेट अंगावर पडले पाहिजे. काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी किरणे जवळपास नसतात. ती मिळाली नाहीत तर कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात.

खाण्याची मात्र चिंता नाही. शेवगा, तुती आणि जास्वंदीचा पाला, लसूणघास, तांबडा भोपळा चालतो. पाला औषध न फवारलेला असावा. पालक क्वचितच द्या. मांस, अंडी देऊ नका.

स्वभाव आणि आजारपण

वयात आलेला नर विणीच्या हंगामात चावतो, शेपटीचे फटके मारतो. मादी नराशिवायही अंडी धरते. ती अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागू शकते. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरीही सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर जवळ आहे का, हे प्राणी आणण्याआधीच विचारा. इग्वानाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांना दूर ठेवा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार इग्वाना चौथ्या अनुसूचीत येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. हस्तांतर, जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात. विक्रेत्याकडे कागद नसतील तर व्यवहार करू नका.

मग कोणी पाळावा?

स्वतंत्र खोली, विजेची पर्यायी सोय, बारमाही पाणी, ओळखीचा डॉक्टर आणि पंधरा वर्षांची तयारी, हे सगळे असेल तरच. यातले एकही नसेल तर थांबा. झेपला नाही म्हणून गोदाकाठी सोडून देणे हा उपाय नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात सुटलेल्या व सोडून दिलेल्या इग्वानांची संख्या इतकी वाढली, की २०२१ मध्ये तिथे ते नव्याने पाळण्यावर बंदी आली. सांभाळणे अशक्य झाले तर वन विभागाशी संपर्क साधा.