गोठलेले भाडे, आटलेली तिजोरी

मराठी साहित्यातील चाळीविषयी आपण पुष्कळ वाचतो आणि शिकवतो. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) घेतली की शेजार, सामायिक नळ, गॅलरी यांवर तास रंगतो. परंतु ही माणसे दोन-तीन पिढ्या एकाच खोलीत टिकली कशी, भाड्याने त्यांना उठवले कसे नाही, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. त्याचे उत्तर वाङ्मयेतिहासात नाही. ते भाडेनियंत्रणाच्या कायद्यात आणि महापालिकेच्या जमाखर्चात शोधावे लागते.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रस्ते रुंद केले, गलिच्छ वस्त्या पाडल्या. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या थोड्या. उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत शिरली आणि तेथली भाडी चढली. पहिल्या महायुद्धात ही टंचाई असह्य झाली तेव्हा १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. हा कायदा प्रांतिक सरकारचा होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. भाडे ठरविण्याचा अधिकार महापालिकेला तेव्हा नव्हता, पुढेही मिळाला नाही. तिच्या हाती उरली ती घरपट्टी, बांधकामाची परवानगी, आणि १८८८ च्या महापालिका कायद्यातील कलम ३५४ ची, मोडकळीस आलेल्या इमारतींसाठीची नोटीस.

घरे बांधण्याचे कामही १९२० मध्ये सरकारच्या नव्या खात्याकडे गेले. गव्हर्नर लॉइड यांची योजना पन्नास हजार खोल्यांची होती. पैसा उभारण्यासाठी कापसाच्या गासडीवर एक रुपया कर बसला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. गिरणी कामगारांना त्या परवडेनात आणि आवडेनात. कितीतरी खोल्या आरंभी रिकाम्या राहिल्या.

त्याच दशकात व्हिएन्ना शहरापुढेही हाच पेच होता. तेथेही युद्धकाळापासून भाडी गोठलेली होती. पण १९२२ पासून ते शहर स्वतंत्र प्रांतही झाले आणि कर बसविण्याचा अधिकार नगरसभेकडे आला. अर्थखाते सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरबांधणीसाठी चढता कर लावला: लहान घरावर नाममात्र, श्रीमंतांच्या निवासावर जबर. त्या आणि इतर करांतून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे नगरसभेने बांधली. भाडे गोठवणे ही तेथे अर्धी गोष्ट होती, आणि उरलेली अर्धी पुरी करण्याइतका पैसा शहराच्या हाती होता.

मुंबईत नेमके उलटे घडले. १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच ‘प्रमाण भाडे’ मानले. कायदा मुदतीचा होता. मुदत वाढत वाढत पन्नास वर्षे गेली. महापालिकेची घरपट्टी बसत असे ती भाड्यावरच: वर्षाच्या भाड्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून उरलेल्या रकमेवर. महिना दहा रुपयांच्या खोलीसाठी दुरुस्तीचे वर्षाला बारा रुपये धरले जात आणि १०८ रुपयांवर कर लागे. बारा रुपयांत गिलावा तरी होईल का? दिल्लीतील एका खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करासाठीही प्रमाण भाड्याचीच मर्यादा घालून दिली. म्हणजे भाडेकरूला वाचविणाऱ्या कायद्याने शहराची तिजोरीही गोठवली. खोली बदलताना हातोहात जाणारी पागडी मात्र मोठी होती. कायद्याने ती गुन्हा असल्यामुळे तिची कोठे नोंद नव्हती आणि तिच्यावर कर नव्हता.

कायद्याने किती घ्यावे ते सांगितले, कोणाला द्यावे ते नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला नायक जात लपवूनच राहायला जागा मिळवतो. ती कथा मुंबईबाहेर घडते; पण आमच्या मते चाळीवरील कोणत्याही लेखनाशेजारी ती ठेवून वाचावी. चाळीचे हसरे चित्र ज्यांना दारातून आत घेतले गेले त्यांचे आहे. पागडी नसलेल्याला पन्नाशीनंतरच्या मुंबईत झोपडपट्टी उरली होती.

इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये उपकर बसला आणि १९,६४२ इमारती दुरुस्ती मंडळाकडे गेल्या. तेही राज्याचेच मंडळ. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे आता अवाजवी झाले आहे असे म्हटले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला मान्यताही दिली. महापालिकेने २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आकारणे स्वीकारले. तोवर गिरण्यांच्या जागी मनोरे उठू लागले होते.

वरळीच्या त्याच सरकारी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या, मालकीच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. ते आता भाडेकरू नाहीत.