सांध्याचे मोल : दौंडचे रूळ आणि नावेतील तारा

लोहमार्गाच्या इतिहासात पूल, बोगदे आणि घाट यांची वर्णने पुष्कळ आढळतात. दोन मार्ग जेथे एकमेकांस मिळतात त्या सांध्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः सांधा नीट जुळला तरच मार्गाचा उपयोग. दौंडकरांना हे निराळे सांगावयास नको.

पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८५८ साली दौंडवरून पुढे गेला. त्याच्या रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, तोही त्याच मापाचा. त्यामुळे उत्तरेकडची वाघीण मुंबईस वळसा न घालता, आतील माल न हलवता दक्षिणेकडे जाऊ लागली. पुढे १९१४ साली दौंड-बारामती मार्ग झाला, तो मात्र २ फूट ६ इंच मापाचा. अरुंद मार्गाला रूळ हलके, पूल लहान, म्हणून खर्च थोडा. बांधणाऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु वाचलेल्या पैशाची परतफेड पुढे सांध्यावर होत राहिली. अरुंद रुळांवरची वाघीण रुंद रुळांवर चालत नाही. म्हणून बारामतीकडून आलेला माल दूर धाडावयाचा तर दौंडला उतरवून पुन्हा भरणे प्राप्त होते. ओझे हमालाच्या पाठीवर, आणि हमाली, खोळंबा व नासधूस यांचा भार मालधन्यावर.

शिरूरची गोष्ट निराळी. घोड नदीकाठच्या या गावी आगगाडी आलीच नाही. शिरूरचा माल रेल्वेने जावयाचा तर तो बैलगाडीतून वाघिणीत चढवावाच लागे. हाही सांधाच, पण रस्ता आणि रूळ या जातीनेच भिन्न वस्तू असल्यामुळे तो अटळ होता. दौंडचा सांधा माणसाने ठरविलेल्या मापांतून निर्माण झाला. इंग्लंडात ग्लॉस्टर येथे १८४४ पासून हाच गोंधळ चालला होता. १८४६ साली पार्लमेंटने मापाचा कायदा केला, तरी ग्रेट वेस्टर्न कंपनीचे ७ फुटी रूळ पुरते जाण्यास १८९२ साल उजाडले. आपल्याकडे एकमापीकरणाची मोठी योजना १९९२ साली हाती घेण्यात आली. आज बारामतीचा मार्गही रुंद मापाचा आहे.

आता हाच प्रश्न समुद्रावर पाहू. नावेवर पाण्याची खोली मोजणारे यंत्र, ठिकाण सांगणारे जीपीएस, वाऱ्याचे मापक, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र अशी अनेक साधने असतात. त्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून अमेरिकेतील नौकायंत्र व्यावसायिकांच्या संघटनेने १९८३ साली ‘एनएमईए ०१८३’ हा संकेत प्रसिद्ध केला. त्यात एका तारेवर एकच यंत्र बोलते, बाकीची ऐकतात. पुढे ‘एनएमईए २०००’ आला. मोटारींसाठी बॉश कंपनीने तयार केलेल्या ‘कॅन’ पद्धतीवर तो उभा आहे. त्यात एका मुख्य तारेवर सर्व यंत्रे आळीपाळीने बोलतात.

एवढे झाल्यावर तंटा मिटावयास हवा होता. परंतु सिमरॅडने ‘सिमनेट’ आणि रेमरिनने ‘सीटॉक एनजी’ या नावांनी तीच भाषा वेगवेगळ्या तोंडांच्या प्लगांत घातली. भाषा एक, तोंडे मात्र तीन! येथे अडॅप्टर केबल कामी येते. तिच्या एका टोकाला एका कंपनीचा प्लग, दुसऱ्या टोकाला दुसरीचा. आत केवळ तारेला तार जोडलेली. ती काही भाषांतर करीत नाही, कारण भाषांतराची गरजच नसते.

गफलत होते ती पुढे. रेमरिनचा जुना ‘सीटॉक’ आणि नवा ‘सीटॉक एनजी’ यांचे नाव जवळजवळ एक, पण भाषा दोन. तेथे साधी केबल चालत नाही. संदेश समजून घेऊन दुसऱ्या भाषेत सांगणारी स्वतंत्र पेटी लागते. ०१८३ आणि २००० यांच्यामध्येही तशीच पेटी हवी. शिवाय मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवावा लागतो. प्लग घट्ट बसला, पण हे राहिले, तर यंत्रांचे बोलणे भरवशाचे राहत नाही. आणि अंधाऱ्या रात्री खडकाजवळ खोलीचा आकडा पडद्यावर न उमटणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

म्हणून सांध्यापाशी दोन प्रश्न विचारावेत. फरक केवळ तोंडाचा आहे की भाषेचा? आणि तो वस्तूच्या स्वभावातून आला आहे की कोणाच्या सोयीतून? तोंडाचा फरक केबलीने भागतो, भाषेच्या फरकाला दुभाष्या लागतो. सोयीतून आलेला फरक मात्र समाजाने ठरविले तर नाहीसा करता येतो, हे दौंडच्या रुळांनी दाखविले आहे. तोपर्यंत त्याची किंमत माप ठरविणारा देत नाही. सांध्यावर उभा असलेला माणूस देतो. दौंडला तो हमाल आणि मालधनी होता. नावेवर तो नाखवा आहे.