मालिका : रोज वेळेवर येणारी सोबत

२००६ साली वडील गेले आणि आई आमच्याकडे खरगपूरला राहायला आली. मी दिवसभर ड्यूटीवर, सौ. शाळेत शिकवायला, शेजारी बंगाली नाहीतर तेलुगू. संध्याकाळी आई ‘चार दिवस सासूचे’ लावून बसे आणि नेमक्या त्याच वेळी मला बातम्या हव्या असत. एकदा वैतागून म्हणालो, “अगं आई, रोज तेच तेच रडगाणं काय बघतेस?”

ती म्हणाली, “अरे, दिवसभरात तेवढंच मराठी कानावर पडतं.”

मी रिमोट खाली ठेवला. पुढे कुतूहलाने या प्रकाराचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा कळले की मालिकेचा जन्मच मुळी दिवसभर घरात असणाऱ्या बाईसाठी झाला.

१९३० साली अमेरिकेत शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओवर ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोजची गोष्ट सुरू झाली. लेखिका होत्या पूर्वी शिक्षिका असलेल्या अर्ना फिलिप्स. दुपारी घरकाम करणाऱ्या गृहिणी ती ऐकत. हेच आपले गिऱ्हाईक, हे साबण कंपन्यांनी बरोबर हेरले. १९३३ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने ऑक्सिडॉल या धुण्याच्या साबणासाठी ‘मा पर्किन्स’ पुरस्कृत केली. लाकडाची वखार चालवणाऱ्या एका विधवा बाईची ही कथा १९६० पर्यंत चालली. सात हजारांहून जास्त भाग, आणि सत्तावीस वर्षे व्हर्जिनिया पेन या एकाच अभिनेत्रीचा आवाज! अशा मालिकांना थट्टेने ‘सोप ऑपेरा’, म्हणजे साबणाचे संगीत नाटक, असे नाव पडले. १९३७ साली रेडिओवर सुरू झालेली ‘गायडिंग लाइट’ १९५२ साली टीव्हीवर गेली आणि २००९ साली संपली.

यामागचे तंत्र आम्हा रेल्वेवाल्यांना चटकन कळेल. एक गाडी फलाट सोडते तेव्हा दुसरी होम सिग्नलला उभी असते. तसे एक कथानक मिटेपर्यंत दुसरे येऊन ठेपलेले असते, म्हणून फलाट कधी रिकामा राहत नाही.

हे तंत्र चांगल्या कामालाही आले. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७५-७६ मध्ये ‘वेन कोनमिगो’ या मालिकेतून प्रौढ साक्षरतेचा प्रचार केला. त्याच धर्तीवर ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांची ‘हम लोग’ आली. कुटुंबनियोजनाचा संदेश देणे हा तिचा मूळ हेतू होता. लोकांना मात्र त्या घरातली माणसेच आपली वाटू लागली. १५६ भागांत प्रत्येक वेळी शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी घरच्यासारखे बोलत.

मला वाटते, खरे आकर्षण हेच आहे. कादंबरी वाचून संपते. मालिकेतली माणसे मात्र रोज ठरल्या वेळी घरी येतात, आपल्याबरोबर म्हातारी होतात.

२००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग करून २०१३ मध्ये संपली. त्यानंतर आई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो, टीव्ही न लावता चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, “बोल, आज काय काय झालं?” मग तो आमचा रोजचा नेम झाला.

आपल्या कॉलनीतही कुणाची तरी आई, सासूबाई दिवसभर मराठी शब्दाची वाट पाहत असेल. आरती झाली की त्यांच्याजवळ दोन मिनिटे बसावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!