सात स्त्रियांचें मागणें

१८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईच्या विधिमंडळावर सात मुसलमान स्त्रियांचा एक लहानसा मोर्चा गेला. तोंडी तलाक व बहुपत्नीकत्व हीं बंद व्हावींत आणि सर्व नागरिकांस एकच कौटुंबिक कायदा लागू व्हावा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. मोर्चाचे सूत्रधार हमीद दलवाई हे चिपळूणजवळील मिरजोळीचे मराठी कथालेखक. पुढें २२ मार्च १९७० रोजीं त्यांनींच पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें.

या झगड्यास श्रद्धा विरुद्ध बुद्धि असें सोपें रूप देण्याचा मोह आपणांस होतो. वस्तुतः प्रश्न निराळा आहे. हक्काचा धनी कोण, व्यक्ति कीं जमात? शरियतीचा कायदा ईश्वरदत्त, म्हणून अपरिवर्तनीय, असें सनातनी पक्ष म्हणे. परंतु इतिहास तशी साक्ष देत नाहीं. १८४७ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें खोजा व मेमण कन्यांचा कुराणोक्त वारसा जमातीच्या रूढीपुढें नाकारला. म्हणजे तेथें धर्मग्रंथ स्त्रीच्या बाजूस होता आणि रूढि विरुद्ध बाजूस! १९३७ च्या कायद्यानें शरियतीस रूढीवर मात करूं दिली, तरी शेतजमीन वगळलीच.

माथेरान येथें १८९९ सालीं जन्मलेले कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांचा मार्ग धर्मचिंतनाचा होता. धर्माचें सार शाश्वत, कायदा मात्र कालानुरूप बदलणारा, असें त्यांचें म्हणणें. दलवाईंस एवढ्याही आधाराची गरज वाटली नाहीं. संविधानांतील समता त्यांस पुरेशी होती. ३ मे १९७७ रोजीं ते निवर्तले. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाहबानोचा पोटगीचा हक्क मान्य केला. पण जमातीच्या पुढाऱ्यांचा रोष पाहून संसदेनें दुसऱ्याच वर्षीं निराळा कायदा करून त्या निर्णयास बगल दिली.

अखेर २२ ऑगस्ट २०१७ रोजीं पांच न्यायाधीशांपैकीं तिघांनीं तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरविला. त्यांतील दोघांनीं समतेचा आधार घेतला, एकानें कुराणाचा; उरलेल्या दोघांस तो धर्मस्वातंत्र्याचा विषय वाटला. दलवाई व फैजी यांचे मार्ग असे एकाच निकालांत भेटले; दोहोंपैकीं एकच असता, तर बहुमत झालें नसतें.

हिंदु कोडासही एके काळीं असाच विरोध झाला होता, हें आपण विसरूं नये. त्या सातजणींचें मागणें एका अंशानें पुरें होण्यास ५१ वर्षें लागलीं. या दिरंगाईचा दोष एकट्या मुल्लामौलवींचा नव्हे. ज्या संसदेनें व्यक्तीऐवजीं जमातीच्या पुढाऱ्यांकडे पाहिलें, तिचाही आहे.