जीर्णोद्धार आणि पाठशुद्धी : शर्यतीच्या जुन्या सायकलीच्या निमित्ताने

जुन्या वस्तूला 'मूळ रूप देणे' हा शब्दप्रयोग आपण फार सहजपणे करतो. देवळाचा जीर्णोद्धार असो, वाड्याची डागडुजी असो किंवा पोथीची शुद्ध प्रत असो, प्रत्येक वेळी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. त्या वस्तूला कधीकाळी एक निश्चित, पूर्ण रूप होते. काळाने ते विस्कटले. आणि पुरेशी मेहनत घेतली तर ते परत मिळते. पोथ्यांच्या बाबतीत हे गृहीत किती तकलादू आहे, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न एका वेगळ्याच वस्तूला विचारून पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे शर्यतीची जुनी सायकल.

विषय वरवर छांदिष्ट वाटेल. पण या छंदामागे इतिहासदृष्टीचा एक गंभीर पेच आहे. १९९७ साली इटलीतील तोस्काना प्रांतात, गायोले इन कियांती या गावी, जानकार्लो ब्रोच्ची यांनी 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी तीत ९२ सायकलस्वार होते. त्या भागातील पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा फेरीचा एक प्रमुख हेतू होता. पुढे ती जगभर पसरली आणि तिच्या नियमांनी जुन्या सायकलींना एक नवे मोल आणले. सायकल १९८७च्या आधीची हवी, गिअरच्या कळा फ्रेमच्या तिरप्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या जाव्यात, असे ते नियम आहेत. रस्ता जपण्यासाठी निघालेल्या माणसांना अशा रीतीने वस्तूही जपावी लागली; आणि वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

कामाचे स्वरूप पाहू. सायकल पूर्ण सुटी करायची, छर्रे आणि त्यांच्या वाट्या तपासायच्या, जुने घट्ट झालेले ग्रीस काढायचे, चाकांचा आउट काढायचा, गंज किती खोल गेला आहे ते पाहायचे. इथवर मतभेद नाही. पण शर्यतीच्या सायकलीची फ्रेम साध्या सायकलीसारखी नसते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्‍स घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्‍स यांनी १८९७ साली टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. १९३५ साली त्याच कंपनीची '५३१' ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आली. अशा नळीचा मधला भाग इतका पातळ असतो की गंज जोराने घासून काढताना नळीच झिजण्याची भीती असते. म्हणजे 'स्वच्छ करणे' ही पहिली पायरीसुद्धा निरुपद्रवी नाही.

आट्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. क्रँकचा आस ज्या आडव्या नळकांड्यात बसतो, त्याचे आटे देशपरत्वे वेगळे असत. इटालियन नळकांड्यात दोन्ही बाजूंचे आटे सुलटे आणि व्यास ३६ मिलिमीटर. इंग्रजी सायकलीत चेनच्या बाजूचे आटे उलटे. फ्रेंच सायकलीचा व्यास ३५ मिलिमीटर. मालकाचे नाव पुसले गेले, रंग उडाला, तरी आटे मोजून सायकलीचे मूळ गाव बरेचसे ओळखता येते. पोथीचा लेखनिक त्याच्या वळणावरून ओळखावा तसेच हे. पण फ्रेंच वा इंग्रजी सायकलीचे आटे झिजले की कारागीर सोय म्हणून त्यांवर मोठ्या व्यासाचे इटालियन आटे पाडतो. सायकल पुन्हा धावू लागते आणि तिच्या जन्माचा दाखला त्याच क्षणी नष्ट होतो. दुरुस्ती हीच येथे पुराव्याची हानी ठरते.

याहून अवघड प्रश्न 'मूळ' कोणते हा आहे. व्हिचेंझाचे तुल्लिओ काम्पान्योलो यांनी बनवलेले 'काम्बिओ कोर्सा' हे गिअर बदलण्याचे साधन घ्या. १९४८ साली जीनो बार्ताली यांनी 'तूर द फ्रान्स' जिंकली ती हेच साधन वापरून. मागच्या चाकाशेजारच्या नळीवर दोन लांब दांड्या असत. धावत्या सायकलीवर मागे हात घालून एका दांडीने चाकाची पकड सैल करायची, पायडल उलटे फिरवत दुसरीने चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायची, मग पकड पुन्हा आवळायची. चेनच्या ताणाप्रमाणे चाक पुढेमागे सरकावे म्हणून फ्रेमच्या मागच्या खाचांना दाते असत. १९५०च्या दशकाच्या आरंभी काम्पान्योलो यांचेच 'ग्रान स्पोर्त' हे सुटसुटीत साधन आले आणि स्पर्धकांना जुन्या दांड्या नकोशा झाल्या. सायकल टाकून देणे परवडत नसे. मग दांड्या उतरवल्या जात, दाते घासले जात, नवे साधन अडकवण्यासाठी कान झाळला जाई.

अशी सायकल आज हाती आली तर तिला कोणत्या सालात न्यायचे? कारखान्यातून निघाली त्या १९४८मध्ये, की तिच्या स्वाराने तिला जिंकण्यासाठी बदलले त्या १९५३मध्ये? बहुतेक हौशी लोक पहिला पर्याय निवडतात. जुन्या दांड्या शोधून आणतात, झाळलेला कान कापून टाकतात. फळ देखणे असते. पण त्यात एका स्पर्धकाचा निर्णय, त्याची ऐपत, त्याची घाई हे सारे पुसले जाते. शर्यतीची सायकल दर हंगामात बदलत असे. बदलणे हा तिचा धर्मच होता. तिला एका क्षणी गोठवणे म्हणजे ती जे कधीच नव्हती ते तिला करणे होय.

आणि रंगाचे काय? 'मूळ रंग' हा तर संग्राहकांचा परवलीचा शब्द आहे. पण शर्यतीच्या सायकलीचा रंग पहिल्या दिवसापासून खोटे बोलत आलेला आहे. १९३४च्या 'तूर'मध्ये आंतोनँ माञ यांनी माविक कंपनीच्या हलक्या धातूच्या रिम वापरल्या. त्या काळी रिम लाकडाच्या असत, म्हणून या धातूच्या रिम लाकडासारख्या रंगवल्या होत्या असे सांगितले जाते. समजा, आज एखाद्याने तो रंग खरवडून खाली चकचकीत धातू 'मोकळा' केला, तर त्याने धातू वाचवला आणि प्रसंग गमावला. दुसरे उदाहरण १९७२चे. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला मेक्सिको शहरात एडी मेर्क्स यांनी एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. ती सायकल एर्नेस्तो कोल्नागो यांनी बांधलेली होती. तिच्यावर नाव मात्र 'विंडसर' असे होते. मिलानच्या विगोरेल्ली धावपट्टीशेजारी कारखाना असलेल्या फालिएरो माझी यांच्या फ्रेमाही अशाच दुसऱ्यांच्या नावांनी आणि रंगांनी शर्यतीत धावल्या. कर्तृत्व एकाचे आणि नाममुद्रा दुसऱ्याची, हा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित नाही. आपल्या संतवाङ्मयात एकाच्या नाममुद्रेखाली दुसऱ्याचे अभंग किती मिसळले आहेत, यावर आपण पिढ्यानपिढ्या वाद घातले आहेत. तिथे आपण नाममुद्रा खोडून टाकत नाही. ती पुरावा म्हणून वाचतो. सायकलीवरची खोटी अक्षरेही तशीच वाचली पाहिजेत.

येथे आपल्या परंपरेतील दोन घटना शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. अपपाठांनी गढूळलेल्या ग्रंथाला त्यांनी नितळ केले आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असा इशाराही देऊन ठेवला. हे उपकार वादातीत आहेत. परंतु त्यांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोणते पाठ कशासाठी सोडले, हे आज आपल्याला दिसत नाही. म्हणूनच १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा तिच्याविषयी एवढा वाद होऊ शकला. दुसरी घटना पुण्याची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५पासून वि. स. सुखटणकर यांनी तिची पद्धत घडवली; १९६६ साली ते कार्य पूर्ण झाले. त्या आवृत्तीत संहितेतून बाहेर काढलेला मजकूर नाहीसा झालेला नाही. तो पृष्ठाच्या तळाशी आणि परिशिष्टांत उभा आहे. संपादकांचा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याला तो उलटवता येईल, अशी सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली.

दोन्ही संपादने थोरच. पण उत्तरकालीन अभ्यासकाच्या हाती काय उरते, याचा फरक मोठा आहे. युरोपातील वास्तू व चित्रांच्या संवर्धकांनीही विसाव्या शतकात अशाच तत्त्वाकडे वाटचाल केली. १९३९ साली रोममध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संवर्धनसंस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांच्या पद्धतीत चित्राचा गळालेला भाग बारीक उभ्या रेषांनी भरला जाई. दुरून चित्र सलग दिसावे. जवळ जाताच नवा हात कुठे फिरला ते कळावे. १९६४च्या व्हेनिस सनदेने स्मारकांसाठी हेच नियमरूपाने मांडले: जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि निरनिराळ्या काळांनी घातलेल्या भरीचा मान राखला पाहिजे.

सायकलीला हे लावले तर आचारसंहिता फारशी अवघड नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून डब्यात ठेवावा. तो त्या सायकलीचा पाठभेद आहे. रंग पूर्ण उतरवण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, आणि रंगवणे भागच असेल तर जुन्या थराचा एखादा तुकडा सीटखाली तसाच राखावा. नवा भाग बसवला तर तो नवा आहे हे लपवू नये. झाळलेला कान कापण्याआधी तो कोणी आणि का झाळला असेल, याचा विचार करावा. वाळूच्या माऱ्याने एका तासात सत्तर वर्षांचे थर उडतात. ते परत आणण्याची विद्या कोणाकडेही नाही.

तरीही वस्तू कितीही जपली तरी ती सगळे सांगत नाही, याचेही भान हवे. पुन्हा बार्ताली यांच्याकडे येऊ. १९४३-४४च्या काळात, जर्मनव्याप्त इटलीत, हा विख्यात सायकलपटू सरावाच्या मिषाने फ्लॉरेन्स आणि असिसी यांच्यामध्ये ये-जा करी आणि ज्यूंना वाचवणारी बनावट ओळखपत्रे फ्रेमच्या नळीत दडवून नेई, असे सांगितले जाते. ते स्वतः याविषयी जाहीरपणे बोलण्याचे टाळत. २००० साली त्यांचे निधन झाले. २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. पुढे काही इतिहासकारांनी या हकिकतीच्या पुराव्यांवर प्रश्नही उपस्थित केले. या वादाचा निकाल कोणत्याही सायकलीवरून लागणार नाही. कागद नळीत गेला आणि बाहेर आला, तर पोलादावर ओरखडाही उठत नाही.

म्हणून संग्रहालयात काचेमागे उभ्या असलेल्या, नव्यासारख्या झळकणाऱ्या जुन्या सायकलीकडे आम्ही थोड्या संशयाने पाहतो. ज्या कारागिराने ती झळकवली त्याचे कौशल्य आम्हाला मान्य आहे. पण तिच्या शेजारी काढलेल्या भागांचा डबा कुठे आहे, हे विचारण्याचा हक्क पाहणाऱ्याला असला पाहिजे. शिकताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की छापील संहितेवर विश्वास ठेवा, पण नजर पानाच्या तळाशी जाऊ द्या. सायकलीच्या बाबतीत तो तळ सीटखाली, मागच्या खाचांच्या दात्यांत आणि आट्यांच्या वळणात असतो. रंगाचा पहिला हात देण्याआधी तो वाचून घ्यायला हवा.